घोटभर पाण्याचे मोल

नंदुरबारला ओल्या लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की गाव आधी नाकाला कळते आणि मग डोळ्यांना दिसते. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीत गाड्या लागतात, लिलाव होतात आणि घेतलेला माल गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळायला पडतो. तिथे दिवसभर मिरची उलथीपालथी करणाऱ्या बायका तोंडाला पदर बांधून बसलेल्या असतात. व्यापाऱ्याचा सारा हिशेब एका गोष्टीवर चालतो. ओली मिरची वाळली की तिचे वजन निम्म्याहून कितीतरी खाली येते. मिरच्या मात्र तेवढ्याच असतात, एकही नग कमी झालेला नसतो. तोल बदलला, मोज बदलली नाही. तोलणे वेगळे आणि मोजणे वेगळे, हे पथारीवरच्या निरक्षर बाईलाही कोणी शिकवावे लागत नाही.

तिची मुलगी नववीत जाते. २०१७ साली आलेल्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात चौथा धडा निघतो, ‘द्रव्याचे मापन’, आणि तिथे तिला एक शब्द भेटतो : मोल. आईला जे ठाऊक आहे नेमके तेच या धड्यात आहे. पण ते तसे आहे, हे तिला सहसा कोणी सांगत नाही.

आता या शब्दाचीच गंमत पाहा. मराठी मुलाला ‘मोल’ नवा नाही. आई मोलमजुरीला जाते, शेजारची मावशी मोलकरीण असते, कांद्याचा भाव पडला की माल मातीमोल जातो आणि सत्कारात पाहुण्यांचे मार्गदर्शन अनमोल असते. म्हणजे मोल म्हणजे किंमत. अशा मुलीसमोर फळ्यावर ‘पाण्याचा एक मोल’ असे लिहिले तर तिने काय समजावे? हा मोल आपला नाहीच. विल्हेल्म ऑस्टवाल्ड या रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो जर्मन भाषेत रुळवला. ‘मोलेक्यूल’ म्हणजे रेणू, त्याचे हे आखूड रूप. आमच्या शाळेच्या दिवसांत ‘ग्रॅम-रेणुभार’ असे एक जडजंबाल नाव होते. दिसायला ओबडधोबड, पण निदान फसवे तरी नव्हते.

दुसरा शब्द ‘राशी’. मोल म्हणजे पदार्थाची अमुक एवढी राशी, असे व्याख्येत येते. मुलांना राशी ठाऊक असते ती मेष, वृषभ, मिथुन. खरे तर खळ्यावरची धान्याची रास डोळ्यांसमोर आणली असती तर काम सोपे झाले असते, कारण विज्ञानातली राशी तिचीच सख्खी बहीण आहे. पण खळे पुस्तकाबाहेर राहते आणि पुस्तकात राहतात राशी, वस्तुमान, रेणुवस्तुमान असे एकमेकांच्या पायात पाय घालणारे शब्द. शेवटी मुले सूत्र पाठ करतात. ग्रॅमला रेणुवस्तुमानाने भागा, मोल येतात. येतात म्हणजे काय येते, हा प्रश्न तसाच राहतो.

मी रसायनशास्त्राचा माणूस नाही. आयुष्याची बत्तीस वर्षे बँकेत गेली, त्यातली काही नंदुरबारला, ते धुळे जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते तेव्हा. १ जुलै १९९८ ला ते जिल्ह्याचे गाव झाले. उरलेला वेळ कादंबऱ्या लिहिण्यात गेला. पण या मोलाच्या बाबतीत बँकेतल्या माणसाला थोडे अधिक कळते, असा माझा दावा आहे. नोटा आम्ही मोजत असू : शंभरांचे पाकीट, दहा पाकिटांचे बंडल. नाण्यांचे काय करायचे? यात्रेनंतर देवस्थानाची पेटी उघडली की चिल्लर पोत्यांनी येई. एकेक नाणे मोजत बसले तर काउंटर बंद ठेवावे लागेल. मग त्यावर उपाय म्हणजे तराजू. नाणी जातवार वेगळी करायची, एका नाण्याचे वजन ठाऊक असतेच, थैली काट्यावर ठेवायची आणि भागाकार करायचा. एकही नाणे न मोजता नाणी किती ते कळते.

२०११ च्या मालिकेतले पाच रुपयांचे नाणे सहा ग्रॅमचे आहे आणि दोन रुपयांचे ४.८५ ग्रॅमचे. पाच रुपयांची सहा किलो नाणी आणि दोन रुपयांची चार किलो साडेआठशे ग्रॅम नाणी काट्यावर ठेवली तर वजने वेगळी दिसतील, पण दोन्ही थैल्यांत नाणी हजार-हजारच असतील. मोलाचा धडा इथेच संपायला हरकत नाही. कार्बनचा अणू आणि मॅग्नेशिअमचा अणू यांच्या वजनांचे प्रमाण १२ ला २४ आहे. मग १२ ग्रॅम कार्बन आणि २४ ग्रॅम मॅग्नेशिअम यांत अणू सारखेच असणार. पाण्याचा रेणू १८, मिठाचा हिशेब साडेअठ्ठावन्न, साखरेचा रेणू ३४२. तेवढे ग्रॅम तोलून घ्या आणि ओळीने मांडा : १८ ग्रॅम पाणी, साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ, ३४२ ग्रॅम साखर. पाणी साडेतीन चहाच्या चमच्यांएवढे, एका घोटात संपेल. साखरेने मात्र मोठी वाटी भरून वर उरेल. तरीही पाण्याचे जितके रेणू, तितकेच साखरेचे. या प्रत्येक ढिगाला एक मोल म्हणायचे. डझन म्हणजे बारा, कोडी म्हणजे वीस, तसाच मोल म्हणजे एक ठरावीक संख्या.

ती संख्या केवढी? ६०२२१४०७६ असे नऊ अंक लिहावेत आणि त्यापुढे पंधरा शून्ये द्यावीत. एकूण चोवीस अंकी. नंदुरबार जिल्ह्याचे मोठ्या आकड्यांशी एक नाते आहे. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. तो क्रमांक बारा अंकी. माणसे मोजायला बारा अंक पुरतात, घोटभर पाण्यातले रेणू मोजायला त्याच्या दुप्पट लागतात. जगातली आठ अब्ज माणसे कामाला लावली आणि प्रत्येकाने सेकंदाला एक रेणू या वेगाने, न जेवता न झोपता, मोजायला सुरुवात केली, तर त्या एका घोटाची मोजणी पुरी व्हायला सुमारे २४ लाख वर्षे लागतील.

आपल्याकडे मोठ्या संख्यांना नावे देण्याची हौस जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थाने दिली आहेत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा १२०७ चा शिलालेख याच खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे सापडला. तर त्या परार्धाच्या मापाने पाण्याच्या घोटात रेणू निघतात सुमारे साठ लाख बावीस हजार परार्ध. इतक्या पुढच्या घराला ‘लीलावती’च्या यादीत नाव नाही.

या संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव आहे, आणि ॲव्होगॅड्रोला ती कधीच ठाऊक नव्हती! आमेदेओ ॲव्होगॅड्रो हा इटलीतल्या तुरीनचा. शिक्षण कायद्याचे, ओढ भौतिकशास्त्राची. १८११ साली त्याने एक कल्पना मांडली. ती समजायला आपल्या आजीची पायली पुरते. पायलीभर बाजरी आणि पायलीभर हरभरा यांत दाणे सारखे नसतात, कारण दाणा लहानमोठा असतो. ॲव्होगॅड्रो म्हणाला, वायूंच्या बाबतीत तसे नसते. तापमान आणि दाब सारखे ठेवा, मग पायलीत कोणताही वायू भरा, रेणू तितकेच. वायूचे रेणू एकमेकांपासून इतके दूर असतात की त्यांच्या स्वतःच्या आकाराला फारसा अर्थ उरत नाही. म्हणजे दोन वायूंच्या भरलेल्या पायल्या नुसत्या तोलल्या, की एका रेणूच्या मानाने दुसरा किती जड ते कळले. इतकी सरळ गोष्ट, पण जवळपास पन्नास वर्षे ती कोणी मनावर घेतली नाही. ॲव्होगॅड्रो १८५६ मध्ये वारला. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे त्याचाच देशबांधव कानिझारो याने ती कल्पना पुन्हा मांडली, आणि मग अणुभारांचा अनेक वर्षांचा गोंधळ निवळू लागला. संख्येला ॲव्होगॅड्रोचे नाव दिले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ पेरँ याने, १९०९ मध्ये. मृत्यूनंतर अर्धशतकाने नावावर जमा झालेली ही रक्कम. बँकेच्या भाषेत, बेवारस खात्याला वारस सापडला.

पुढे १९७१ मध्ये मोलाला मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या पंगतीत आंतरराष्ट्रीय मूलभूत एककाचे पान मिळाले. तेव्हाची व्याख्या तराजूतून निघत असे : १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू, तितके कण म्हणजे मोल. २० मे २०१९ पासून ती उलटली. आता संख्याच ठरवून टाकली आहे आणि वजन तिच्या मागून येते. मला विचाराल तर मुलांच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट झाली. डझन समजावताना आपण बारा केळ्यांचे वजन सांगत नाही.

पण मोजायचे कशाला, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर मला पहिल्यांदा मिळाले ते तळोद्याकडच्या एका शेताच्या बांधावर, पीककर्जाची पाहणी करताना. शेतकरी युरियाची गोणी दाखवून म्हणाला, “साहेब, गोणीवर ४६ टक्का लिखेल शे. बाकीनं काय? माटी भरतस का?” प्रश्न चोख होता. पैसे शंभर टक्के मोजायचे आणि नत्र ४६ टक्केच का घ्यायचे? युरियाचा एक रेणू कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नत्राचे दोन आणि हायड्रोजनचे चार अणू मिळून होतो. बारा, सोळा, अठ्ठावीस आणि चार, बेरीज साठ. साठात नत्र अठ्ठावीस, म्हणजे ४६ टक्क्यांच्या थोडे वर. माती कोणी भरत नाही. नत्र एकटे गोणीत राहू शकत नाही, ते हवेत उडून जाईल. त्याला धरून ठेवायला कार्बन आणि ऑक्सिजन लागतात. त्या काळी गोणी पन्नास किलोची होती, २०१८ पासून ती पंचेचाळीसची झाली. पंचेचाळीस किलोला साठ ग्रॅमने भागले तर बरोबर ७५० मोल येतात, शेष शून्य. नववीच्या परीक्षेला यापेक्षा सुबक उदाहरण कोणाला सापडेल असे वाटत नाही, आणि ते शेतकऱ्याच्या ओसरीवरच उभे असते.

रसायने एकमेकांशी वागतात ती नगावर, वजनावर नाही. लग्नाच्या पंगतीला साठ ताटे आहेत, वाट्या शंभर आहेत आणि प्रत्येक ताटात दोन वाट्या द्यायच्या आहेत, तर माणसे पन्नासच बसतील. दहा ताटे रिकामी राहतील. ताटांचे वजन किती आणि वाट्यांचे किती, याचा त्यात काही संबंध नाही. वाढप्याला हे कळते. पुढे अकरावीत याच पंगतीला ‘लिमिटिंग रीएजंट’ म्हणतात आणि हुशार मुलेही तिथे अडखळतात.

आणि इथे खरा मुद्दा येतो. नंदुरबारमधले मूल घरी भिली बोलते, पावरी बोलते, मावची किंवा अहिराणी बोलते. शाळेत ते पुस्तकी मराठी शिकते, म्हणजे ही त्याची दुसरी भाषा. दहावीनंतर विज्ञान शाखेला गेले की बहुतेक ठिकाणी सगळे इंग्रजीत, ही तिसरी. वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका मराठीत मागता येते, पण दोन वर्षे जे इंग्रजीत कानावर पडले ते मराठीत सोडवायचे कसे? अकरावीच्या रसायनशास्त्राची सुरुवातच मोलाने होते. नववीत जो शब्द अर्धवट कळला तो आता परक्या पोशाखात समोर येतो. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव जिल्ह्यात खिरोद्याच्या आसपासच्या शाळांत काम केले होते. त्या केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी पुढे सांगत राहिले की खेड्यातल्या मुलाला विज्ञान अवघड जात नाही, त्याला विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा अवघड जाते. खिरोदा तर खानदेशातलेच. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी आपल्या दारात कळलेली गोष्ट आपण दारातच ठेवली.

२०२० पासून नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या मुलीला डॉक्टर व्हायला मुंबई-पुण्याला जाण्याची गरज आता राहिलेली नाही. प्रवेश परीक्षेत ७२० पैकी १८० गुण रसायनशास्त्राचे असतात, आणि मोलाचा हिशेब आला नाही तर त्यातला निम्मा भाग हाताबाहेर जातो, असे शिकवणारे लोक सांगतात. घरापासून महाविद्यालयापर्यंत रस्ता झाला, बस झाली. मधला हा एक धडा मात्र ओलांडायचा आहे, आणि तो मुळात आईच्या पथारीवरचाच आहे.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत गेल्या पावसाळ्यात जाणे झाले. ग्रंथालयासाठी पुस्तके द्यायची होती. विज्ञानाच्या बाई उत्साही होत्या. त्यांनी मोलाचा तास मुद्दाम त्याच दिवशी ठेवला होता आणि टेबलावर फळ्याऐवजी क्षारसंजीवनीचे पाकीट ठेवले होते. पावसाळ्यात हगवणीने मूल सुकून जाते म्हणजे काय, हे त्या वर्गातल्या बहुतेकींनी घरी पाहिलेले होते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईनच्या बाटल्या संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी पाजून असंख्य जीव वाचवले, ती हकीकत बाईंनी थोडक्यात सांगितली. मग पाकीट मुलींच्या हाती दिले. एक लिटर पाण्यासाठी साडेवीस ग्रॅम पूड. तिच्यात ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम. मीठ आणि सोडिअम सायट्रेट यांतून येणारे सोडिअम सुमारे पावणेदोन ग्रॅम.

“म्हणजे ग्लुकोजच जास्त,” एक मुलगी म्हणाली.

“वजनाने ना? आता नगाने मोज,” बाई म्हणाल्या.

साडेतेराला १८० ने भागले. पावणेदोनला २३ ने भागले. दोन्हीकडे मोलाचे सुमारे पंचाहत्तर हजारांश भाग आले. आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत जाते तेव्हा सोडिअमला सोबत घेऊन जाते, आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. दोघांची जोडी जमवायची तर वजन उपयोगाचे नाही, नग लागतात. २००२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेल्या प्रमाणात दोन्ही पंचाहत्तर-पंचाहत्तर आहेत ते म्हणूनच.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “बाई, पाड्यावर पाकीट नसलं तर? आशाताई साखर-मीठ सांगतात, सहा चमचे आन् अर्धा चमचा. ते बरोबर येतं का?”

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. सहा सपाट चमचे साखर म्हणजे साधारण २५ ग्रॅम. साखरेचा रेणू ३४२ चा, आणि तो पोटात फुटला की त्यातून ग्लुकोजचा एकच रेणू निघतो, दुसरा निघतो फ्रुक्टोजचा. मुलीने फळ्यावर भागाकार मांडला. जीभ दातांत धरून, हातचे पुटपुटत, तिने तो दोन वेळा केला. उत्तर आले मोलाचे त्र्याहत्तर हजारांश भाग. तिने फळ्यावरच्या पंचाहत्तरकडे पाहिले, मग आपल्या त्र्याहत्तरकडे, आणि मिठाचा अर्धा चमचा किती ग्रॅमचा असतो ते विचारले.